प्रयागमावशींचं मेण

"जीभ आत! फुकटात मिळाली म्हून ओठावर फिरवायची व्हय?"

हिवाळ्यात सकाळच्या प्रार्थनेला हा आवाज आला की रांगेतल्या सगळ्या मुलींच्या जिभा झटकन तोंडात जायच्या. खरं सांगायचं तर आम्हा शिक्षिकांच्याही जायच्या. प्रयागमावशी रांगेच्या कडेकडेनं चालत यायच्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि हातात फोटोच्या रोलची काळी डबी. जिचे ओठ उललेले दिसतील तिच्यापुढे थांबायचं, डबीत करंगळी बुडवायची आणि मुलगी हूं की चूं करायच्या आत तिच्या ओठांवरून मेणाचा हात फिरवायचा. वर प्रार्थना चालूच. मुलगी एखाद्या ओळीला गप्प राहिली तर तिला पुन्हा वेगळा धपाटा.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवत होते. शाळा उस्मानपुऱ्यात, मुलींची, आणि मावशी आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर. आपल्या शहरात थंडी फार नाही पडत, पण हवा अशी कोरडी की दिवाळी संपली रे संपली की ओठांची सालं निघायला लागतात. त्यावर मावशींचं हे घरचं मेण म्हणजे रामबाण. मी नवीन होते तेव्हा त्यांना अडवलं होतं. म्हटलं, "मावशी, एकच बोट सगळ्यांच्या ओठांना लावता, एकीचा आजार दुसरीला नाही का होणार?" त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि निघून गेल्या. मला वाटलं, राग आला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला आल्या तेव्हा एका हातात डबी आणि दुसऱ्या हातात परडीभर कापसाचे बोळे. मुलीगणिक नवा बोळा. पटलं की त्या एका रात्रीत बदलायच्या. आणि पटलं नाही तर मुख्याध्यापिका आल्या तरी हलायच्या नाहीत.

त्यांचे यजमान आमच्याच शाळेत शिपाई होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मावशींना घेतलं. गाव पैठणकडचं. ह्यापलीकडे मला त्यांच्याबद्दल फारसं माहीत नाही, आणि त्याचं कारण त्यांनी लपवलं असं नसून मी कधी विचारलं नाही, हे आहे. सतरा वर्षं आम्ही मधल्या सुट्टीत एकाच टेबलाशी चहा प्यायलो. मी खुर्चीवर आणि त्या स्टुलावर.

लिहिता-वाचता त्यांना सहीपुरतं येत होतं. पण प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची नावं उडून गेली की त्यांच्यावाचून आमचं पान हलायचं नाही. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात त्यांनी एकेक दोरा बांधलेला असायचा. "लाल दोरा म्हंजी चावतंय. हिरवा म्हंजी वास घ्यायचा न्हाई. पांढरा म्हंजी गरीब हाय, कायबी करा." मी मुलींना आम्ल आणि अल्कली शिकवायला दोन तासिका घ्यायचे. मावशींचं तीन वाक्यांत उरकायचं, आणि परीक्षेत मुली दोरेच लिहून यायच्या.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. गंभीर चेहऱ्यानं प्रयोगशाळा पाहत होते आणि मी त्यांच्यामागून वह्या घेऊन फिरत होते, घाम फुटलेला. साहेबांनी मला काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर खालच्या ओठाला चीर पडून रक्त आलं. मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, "साहेब, हुबे ऱ्हावा." साहेब राहिले उभे! मावशींनी बोळ्यानं रक्त टिपलं, दुसऱ्या बोळ्यानं मेण लावलं आणि म्हणाल्या, "आता घडीभर बोलू नका." साहेब खरोखर घडीभर बोलले नाहीत. त्या घडीभरात आमची सगळी तपासणी पार पडली. जाताना त्यांनी एक डबी मागून घेतली. शेऱ्यात लिहून गेले, 'प्रयोगशाळा उत्तम'. मी काय शिकवते ह्याचा शेऱ्यात उल्लेख नव्हता.

हे मेण त्या शाळेतच करायच्या, शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर. मोहोळ काढणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून पोळ्याचा चोथा आणायचा. तो पाण्यात उकळून धोतराच्या फडक्यातून गाळायचा. पाणी निवलं की वर मेणाची पिवळी चकती धरायची. दुसरीकडे तिळाच्या तेलात रतनज्योतीच्या मुळांच्या साली घालून ठेवायच्या, त्यानं तेलाला डाळिंबासारखा रंग येतो. मग मेणाचा एक वाटा आणि तेलाचे तीन, आणि हे सगळं वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात ठेवायची. थेट आचेवर मेण ठेवायचं त्यांना बिलकूल मान्य नव्हतं. "मेनाला आग दाखवायची न्हाई बाई. आग हाय एवढं नुसतं कळू द्यायचं."

खरी कसरत पुढे होती. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, त्यात गार पाणी ओतायचं, तळहातानं फेसायचं, पाणी काढून टाकायचं. पुन्हा पाणी, पुन्हा फेसणं. असं शंभर वेळा. प्रत्येक पाण्याला ज्वारीचा एक दाणा ह्या वाटीतून त्या वाटीत. मध्येच कुणी बोललं आणि दाणा टाकला की नाही असा संशय आला तर मावशी सरळ पहिल्यापासून सुरू करायच्या. शेवटी ते तूप पांढरंशुभ्र व्हायचं, लोण्याहून हलकं, आणि तुपाचा वासही उरायचा नाही. मेण कोमट झालं की ते त्यात घोटायचं.

मी पडले विज्ञानवाली. म्हटलं, "मावशी, शंभरच कशाला? साठ वेळा धुतलं तर काय बिघडतं?"

"बिगडत न्हाई. पर मला कळतं."

त्या पाणी आणायला खाली गेल्या तेव्हा मी पाण्याचे चार-पाच हात मारले आणि चोवीस-पंचवीस दाणे हळूच ह्या वाटीतून त्या वाटीत ढकलले. दाण्यांच्या हिशेबानं तूप शंभराला टेकलं होतं. मावशी आल्या, चिमूटभर तूप अंगठ्यावर चोळलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बाई, वीस पानी कुठं सांडलं?" मला इतकं हसू आलं की मी कबूलच करून टाकलं. त्याही हसल्या. मग त्यांनी सगळे दाणे पहिल्या वाटीत परत ओतले आणि शून्यापासून सुरुवात केली. तेव्हा कबूल करणं किती सोपं होतं!

ओठांच्या मेणाखेरीज त्या आणखी एक मेण करायच्या, कुंकवाखाली लावायचं. तोवर टिकल्या आल्या होत्या, पण जुन्या बायका आधी कपाळावर मेणाचं बोट टेकवून त्यावर कोरडं कुंकू लावायच्या. माझ्या सासूबाई त्यांतल्या. बाजारातलं मेण उन्हात पघळतं, कुंकू नाकावर उतरतं, ही त्यांची कायमची तक्रार. मी मावशींकडून एक डबी नेली. सासूबाई खूश. "कुठून आणलंस गं?" मी म्हटलं, "गुलमंडीवरच्या एका दुकानातून." कारण मावशी विधवा. विधवेच्या हातचं मेण कुंकवाखाली लावलं हे कळतं तर सासूबाईंनी करंडा विहिरीत टाकला असता. त्या दुष्ट नव्हत्या, अजिबात नाही. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझं सगळं केलं. पण ह्या बाबतीत त्यांचा एक चिरेबंद हिशेब होता आणि मी त्याला हात लावला नाही. घरात शांतता हवी, असं मी स्वतःला सांगितलं. सहा वर्षं गुलमंडीवरचं मेण आमच्या घरी येत राहिलं.

आणि ह्याच काळात मी शाळेत काय करत होते? तर ग्रहण लागलेलं असताना सगळ्या वर्गासमोर उभं राहून शेंगदाणे खात होते. "बघा, झालं का मला काही?" अंधश्रद्धेवर माझं भाषण ठरलेलं असायचं. दारात उभं राहून मावशी ते ऐकायच्या. एकदा म्हणाल्याही, "बाई, तुमी लई धीराच्या."

मग आम्ही पुंडलिकनगरला घर बांधलं. नव्या घरातली पहिली संक्रांत, सासूबाईंना दणक्यात हळदीकुंकू करायचं होतं. पन्नास बायका. वाण काय लुटायचं ह्यावर आठवडाभर खल झाला. प्लॅस्टिकच्या चाळण्या नकोत, आरसे नकोत. मीच म्हटलं, ओठांच्या मेणाच्या डब्या देऊ. थंडीचे दिवस, कामाची वस्तू, आणि कुणाकडे नसलेली. सासूबाईंना कल्पना आवडली. कुणाकडून करून घेणार हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मावशींना विचारलं. "पन्नास? आन तुमच्या घरच्या कार्याला?" त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आधी पाहिला नव्हता. फोटो स्टुडिओतून रोलच्या डब्या जमवल्या, शिकेकाईच्या पाण्यानं धुतल्या, उन्हात वाळवल्या. तीन शनिवार त्यांचा तळहात तुपात होता. मी मेहनतान्याचं काढलं तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"पैशाचं नाव काढू नका. एक करा, बाई. बायांनी इच्यारलं कुनी केलं, तर महं नाव सांगा. प्रयागनं केलं म्हना."

मी हसले. "बस, एवढंच?"

"शाळंत मी मावशी. गावात म्हादूची बायको. नावानं हाक मारनारी माय व्हती, ती गेली. पन्नास बाया येक डाव म्हनतील, प्रयागनं केलं, लई झालं." मग परात पुसत, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मी काय येनार न्हाई त्या दिवशी. त्येची फिकीर करू नका. मला कळतं."

इथे मी म्हणायला हवं होतं, 'का नाही येणार? या.' मी म्हटलं नाही. उलट मला हायसं वाटलं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. मी म्हटलं, "नाव सांगण्यात काय मोठंसं! सांगेन की."

हळदीकुंकवाच्या दिवशी बेचाळीस डब्या तयार होत्या. आठ डब्यांतलं मेण अजून बसलं नव्हतं. ते मागून बघू असं ठरलं. घर बायकांनी भरलं. समोरच्या घरातल्या मंगलाताईंना दम कुठला, त्यांनी तिथल्या तिथे डबी उघडली, ओठांना लावलं आणि ओठांवर ओठ दाबत म्हणाल्या, "अगंबाई! काय सुरेख आहे हो! कुणाच्या हातचं?"

झालं. मग एकीचं पाहून दुसरीनं डबी उघडली. खोलीभर कौतुक. कुंकवाचा करंडा हातात घेतलेल्या सासूबाई वळल्या आणि मला म्हणाल्या, "हो गं, कुणाकडून करून घेतलंस?"

साधा प्रश्न होता. त्यामागचा प्रश्नही मला कळला होता. आपल्या घरातलं वाण, सवाष्णींच्या हातात जायचं वाण, कुणाच्या हातचं? पन्नास बायका माझ्याकडे पाहत होत्या. 'प्रयागनं' एवढा एक शब्द. तो माझ्या तोंडात आला होता, खोटं नाही सांगत.

"मीच केलं," मी म्हणाले. "शाळेच्या प्रयोगशाळेत."

आणि खोटं बोलणारा माणूस कधी एका वाक्यावर थांबत नाही. मी पुढे सांगत सुटले. तूप शंभर वेळा कसं धुवायचं, दाणे कसे मोजायचे, मेणाला आग कशी दाखवायची नाही. हातवारे करून. बायका 'बाई बाई बाई' करत होत्या. सासूबाईंच्या चेहऱ्यावर अभिमान नुसता ओसंडत होता. तेवढ्यात बाजूच्या दाराशी कुणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून मी पाहिलं.

मावशी होत्या. हातात फडक्यात बांधलेल्या आठ डब्या. त्या किती वेळ तिथे होत्या, मला माहीत नाही. हातवाऱ्यांच्या आधी आल्या होत्या एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मंगलाताईंनी विचारलं, "ह्या कोण?"

मी चिवड्याच्या ताटल्या सरळ करायला लागले. बोलल्या त्या मावशीच.

"शाळंची मावशी मी. बाईंनी केलेल्या डब्या, त्यातल्या आठ शाळंतच ऱ्हायल्या व्हत्या. कमी पडायला नकोत म्हून घिऊन आले."

त्यांनी फडकं उंबऱ्याच्या आत सरकवलं. स्वतः बाहेरच राहिल्या. सासूबाई भल्या मनानं म्हणाल्या, "केवढी गं काळजी तुला! थांब, तिळगूळ घेऊन जा." आणि करंडा डाव्या हातात घेऊन पाठीमागे धरला, उजव्या हातानं तिळगूळ दिला. त्या करंड्यातलं मेण मावशींचं होतं. सासूबाईंच्या कपाळावरचंही. मावशींना ते कपाळ समोर दिसत होतं. "येते," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मी दारापर्यंतसुद्धा गेले नाही. पन्नास बायकांना चिवडा द्यायचा होता ना!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी नेहमीसारखा चहा आणला. मी आदल्या रात्रभर वाक्यं जुळवली होती. 'मावशी, काल घरात असं झालं,' एवढं म्हणून मी अडखळले. त्या म्हणाल्या, "घरात समद्यांच्याच असतंय, बाई. चहा गार होईल." माझं पुढचं वाक्य मी चहाबरोबर गिळलं, आणि मनातून सुटल्यासारखं वाटलं.

त्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा ओठांचं मेण केलं नाही. प्रार्थनेला रांगेच्या कडेनं येणं बंद झालं. मुली त्यांच्याकडे जायच्या तर त्या सांगायच्या, "बाईंकडं मागा. बाई करतेत." त्यात टोमणा असावा असा सूरही नसायचा. मुली माझ्याकडे यायच्या. इकडे पुंडलिकनगरच्या बायकाही यायच्या. म्हणून एका रविवारी मी घरी घाट घातला. सगळं प्रमाण मला पाठ होतं. मेण रवाळ झालं, ओठांवर वाळूसारखं लागे. दुसऱ्यांदा केलं तर तेल वर आणि पाणी खाली. मंगलाताई म्हणाल्या, "संक्रांतीच्या वेळचा हात नाही आला हो." मी म्हटलं, "थंडी कमी झाली ना!" विज्ञानाच्या शिक्षिकेचं हे उत्तर.

मला मावशींचा राग यायला लागला. ही शरमेची सगळ्यात घाणेरडी तऱ्हा असते, ज्याचं आपण वाईट केलं त्याचाच राग. त्यांनी भांडायला हवं होतं, चारचौघींत बोलायला हवं होतं, म्हणजे मला माफी मागता आली असती, असं मी मनात म्हणायचे. त्या मात्र वर्षातून दोनदा टेबलावर कागदाची पुडी ठेवायच्या. "सासूबाईंचं कुंकवाचं मेन." ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत कधी चुकवलं नाही. सासूबाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या, आमच्या सुनेच्या हाताला गुण आहे, ओठांचं औषध स्वतः करते. मी ते ऐकून घेत राहिले. सांगायचं ठरवलेल्या दिवसांची गणती नाही. सासूबाई गेल्या त्या आठवड्यातही मी ठरवलं होतं.

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली आणि मीही निवृत्त झाले, तेव्हा एका हिवाळ्यात पत्ता विचारत मावशींच्या घरी गेले. उस्मानपुऱ्यातच, पुतणीकडे राहत होत्या. पुढच्या खोलीत पाच-सहा बायका फरशीवर बसलेल्या, मध्ये दोन परातींत तूप, कुणी गाळतंय, कुणी घोटतंय. ओठांचं मेण चाललं होतं. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, केस पूर्ण पांढरे, नजर अधू झालेली, पण मी दारात आल्याबरोबर त्यांनी ओळखलं.

"अगं, खुर्ची द्या बाईंना!" मग त्या बायकांना म्हणाल्या, "ह्या मह्या बाई. शाळंतल्या. हे मेन ह्यांनीच शिकवलं मला. ह्यांच्याच हातचं हाय हे मूळ."

बायका माझ्याकडे वळल्या. मावशींना खरंच तसं वाटायला लागलं होतं का? वयानं असं होतं, मला माहीत आहे. की अजून त्या मला पन्नास बायकांपासून वाचवत होत्या? की ही शिक्षा होती? मी कबूल करायलाच तर आले होते. सासूबाई नव्हत्या. करंडा नव्हता. समोर बसलेल्या बायकांत अर्ध्या जणींच्या कपाळावर काही नव्हतं. मला अडवणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं.

एक तरुण बाई उठली, तुपाचे हात पदराला पुसून माझ्या पायांशी वाकली. म्हणाली, "मॅडम, ह्याच्यावर आमचं बरं चाललंय. तुमच्यामुळं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा," म्हणाले.

मान वर केली तेव्हा मावशी माझ्याकडेच पाहत होत्या. रागानं नाही. फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलीकडे आपण पाहतो तशा, येईल तिला उत्तर, थोडं थांबावं, अशा. बराच वेळ थांबल्या त्या. मग भिंतीला हात धरून उठल्या आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.